वारा, शीड आणि षड्ज

पेडणे तालुक्याचा समुद्रकिनारा तेरेखोलच्या मुखापाशी, केरीच्या सुरूच्या बनाखालून सुरू होतो आणि हरमल, मांद्रे, मोरजी ही गावे मागे टाकीत शापोरा नदीच्या मुखाशी येऊन थांबतो. हा पट्टा लांबीने फारसा मोठा नाही. परंतु पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून जो या दर्यात उतरतो आणि तिसऱ्या प्रहरानंतर खाऱ्या वाऱ्याच्या आधाराने परत किनाऱ्याला लागतो, त्याच्या कानांना एका दिवसात जी ध्वनिसंपदा लाभते तिची बरोबरी करणारा दुसरा किनारा मला तरी ठाऊक नाही. याचे कारण काही अंशी निसर्गात आहे आणि काही अंशी इतिहासात. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता आणि पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो नव्या काबिजादींपैकी एक म्हणून, फार उशिरा. त्यामुळे येथील देवळांतील चौघडा, सनई, दशावतारातील पायपेटी आणि मृदंग हे वरच्या मुलखाशी नाते राखून राहिले, आणि त्यांच्याच शेजारी चर्चची घंटा व व्हायोलिनही रुजले. गेल्या काही दशकांत देशोदेशींचे वादक हिवाळ्याच्या मोसमात हरमलला येऊन राहू लागले. सूर्यास्ताच्या सुमारास वाळूवर वर्तुळ करून ते जे ढोलवादन करतात, ते आता या गावच्या संध्याकाळचे अंगच होऊन बसले आहे.

अशा ठिकाणी शिडाच्या होडीत बसून काय ऐकावे, हा प्रश्न वाटतो तितका हौसेपुरता नाही. यंत्राच्या होडीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे यंत्र बोलते आणि इतर सर्वांना गप्प बसावे लागते. शिडाची होडी मात्र स्वतः बोलणारी आहे. तिच्या बोलण्यावर तिला हाकणाऱ्याचा निर्णय, आणि प्रसंगी त्याचा जीवही, अवलंबून असतो. म्हणून तिच्यावर जे संगीत न्यावयाचे ते तिचा आवाज बुजवणारे असता कामा नये, तिच्याशी जुळणारे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा आधी होडीचे ऐकू आणि मग गाण्यांकडे वळू.

किनाऱ्यालगतच्या फुटणाऱ्या लाटा ओलांडल्या, वल्ही आत घेतली आणि शिडात वारा भरला, की पहिला नाद उठतो तो नाळेखालच्या पाण्याचा. ही जी खळखळ आपणास ऐकू येते, ती पाण्याने लाकडावर आदळल्यामुळे होते अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तिचा बराचसा भाग पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा निर्माण होताना तो आकुंचन-प्रसरण पावू लागतो आणि घंटेप्रमाणे आपल्या आकारास अनुरूप असा एक स्वर काढतो. डच शास्त्रज्ञ मिनार्ट याने 1933 साली या वाहत्या पाण्याच्या स्वरांचे गणित मांडले. त्या गणितानुसार एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार कंपने करतो आणि एक सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे सव्वातीनशे. बुडबुडा लहान तेवढा स्वर उंच, मोठा तेवढा खर्जाकडे झुकणारा. होडी मंद गतीने चालली असता नाळेपाशी बारीक बुडबुड्यांची किनरी कुजबूज असते. वेग वाढला की पाणी अधिक ढवळते, मोठे बुडबुडे कोंडले जातात आणि तोच नाद भरीव, घुमारदार होतो. जुन्या तांडेलास वेग विचारला तर तो पाण्याकडे पाहण्यापूर्वी क्षणभर कान देतो, यात काही गूढ विद्या नाही. पाणीच त्याला सांगत असते.

दुसरा नाद वरचा, दोरांचा आणि डोलकाठीचा. ताणलेल्या दोरावरून वारा वाहू लागला की दोराच्या मागच्या अंगास हवेचे लहान लहान भोवरे एकदा या बाजूने व एकदा त्या बाजूने सुटू लागतात आणि त्यांच्या या नियमित सुटण्यातून स्वर उपजतो. तंबोऱ्याची तार जितकी ताणावी तितका तिचा स्वर चढतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु वाऱ्याच्या या स्वराचा ताणाशी संबंध नाही. तो वाऱ्याचा वेग आणि दोराची जाडी या दोनच गोष्टींवर ठरतो, असे चेक शास्त्रज्ञ स्ट्रूहाल याने 1878 साली दाखवून दिले. ढोबळ हिशेब असा की, वाऱ्याचा वेग दोराच्या जाडीने भागावा आणि आलेल्या संख्येचा पाचवा हिस्सा घ्यावा. एक सेंटिमीटर जाडीच्या दोरावरून सेकंदाला सात मीटर, म्हणजे ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर सेकंदाला एकशे चाळीस कंपनांचा स्वर निघतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज जवळजवळ येथेच असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की स्वर बरोबर एका सप्तकाने वर चढतो. ज्याला तार षड्ज ओळखता येतो, त्याने आपल्या होडीवर शांत दिवशी हा आधारस्वर मनात धरून ठेवावा. पुढे दुपारी डोळे शिडावर असतानाही वारा किती वाढला हे त्याला कानांनीच कळेल.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. दोर गातो तो होडीवर जाणवणाऱ्या वाऱ्याने, खऱ्या वाऱ्याने नव्हे. होडी वाऱ्याच्या दिशेनेच पळत असेल तर तिचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या वेगातून वजा होतो, दोर मंद्रात उतरतात किंवा मुके होतात, सारे कसे प्रसन्न वाटू लागते आणि नवख्या माणसाला वारा पडल्याचा भास होतो. मग तो परतण्यासाठी होडी वळवतो, आणि तोंड वाऱ्याकडे होताच तेच दोर किंचाळू लागतात, शीड कडकडते आणि होडी एका कुशीवर कलते. शिडाची कड फडफडू लागली म्हणजे होडी वाऱ्याच्या फार तोंडाशी आली किंवा दोर सैल पडला, ही खूण तर पहिल्या दिवशीच शिकवली जाते. वाऱ्याबरोबर पळताना लाभलेल्या शांततेवर विश्वास ठेवू नये, हे मात्र सहसा समुद्रच शिकवतो.

होडीच्या अंगाचाही एक आवाज असतो. हल्ली गोव्यातील बहुतेक लहान होड्या फायबरच्या असतात आणि त्यांच्या पोकळ अंगावर लाट आपटली की टणक, कोरडा आवाज येतो. लाकडी होडीचे कुरकुरणे निराळे. पूर्वी या किनाऱ्यावर फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या होड्या असत. त्यांचे सांधे लाटेबरोबर किंचित हलत आणि तो धक्का सर्व अंगभर वाटला जाई. ही शिवणीची विद्या अगदी नामशेष झाली नाही. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्याच्या गोदीत शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज 2025 च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाले. दिवाडी बेटावरील गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हेही गोमंतकीयांनी अभिमानाने स्मरावे असे आहे. महिनोन्‌महिने एकट्याने समुद्रावर राहणारा खलाशी तुकड्यातुकड्याने झोप घेतो. ती मोडते ती बहुधा मोठ्या आवाजाने नव्हे, सवयीच्या आवाजात झालेल्या बदलाने. ज्याने आपली नौका कानांत मुरवून घेतली आहे, त्यालाच तेवढी झोप परवडते.

आता जमिनीवरून येणाऱ्या आवाजांविषयी. हरमलच्या समुद्रात पहाटे आणि दुपारी एकाच अंतरावर होडी उभी केली, तर दोन्ही वेळांना दोन वेगळी गावे शेजारी असावीत असे वाटते. पहाटे कोंबडा, देवळातील घंटा, पहिल्या बसचे इंजिन, कोणी विहिरीवर रहाट ओढीत असेल तर त्याची करकर, हे सारे स्वच्छ ऐकू येते. दुपारी किनाऱ्यावर माणसांची आणि मोठ्या ध्वनिवर्धकांची गर्दी असूनही समुद्रात त्यांचा मागमूस नसतो. जमिनीच्या वा पाण्याच्या पृष्ठाशी वाऱ्याचा वेग कमी असतो आणि वर तो वाढत जातो. त्यामुळे वाऱ्याबरोबर निघालेल्या ध्वनिलहरी खाली वाकतात व पाण्यालगत दूरवर पोहोचतात, आणि वाऱ्याविरुद्ध निघालेल्या वर वाकून डोक्यावरून निघून जातात. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारचा खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे. एवढ्याने हा सारा फरक घडतो. शांत संध्याकाळी पृष्ठालगतची हवा थंड व वरची उबदार असली, तरीही ध्वनी असाच खाली वाकतो आणि नदीच्या पलीकडच्या काठावरील बोलणे शब्दाशब्दाने कानी पडते. तेरेखोलच्या काठी फेरीबोटीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसाने याचा अनुभव घेतला असेलच.

माणसाने पाण्यावर गाणे नेले ते मुळात करमणुकीसाठी नेले नाही, कामासाठी नेले. हरमल-केरीच्या वाळूवर अजूनही अधूनमधून लागणारी रापण पाहावी म्हणजे याचा प्रत्यय येईल. होडी समुद्रात अर्धवर्तुळाकार फिरून जाळे टाकीत परत किनाऱ्याला येते, जाळ्याची दोन टोके दोन जथ्यांच्या हाती येतात आणि मग वाळूत टाचा रोवून, मागे मागे सरत ते प्रचंड ओझे ओढावयाचे असते. एकाने आरोळी द्यावी, बाकीच्यांनी तिला उत्तर द्यावे आणि त्या उत्तराच्या आघाताबरोबर सर्वांचे बळ एका क्षणी दोरावर यावे, अशी ही योजना. त्या आरोळीत अर्थ फारसा नसतो आणि असण्याची गरजही नसते. तिच्यात लय असते, आणि लय चुकली तर पन्नास माणसांचे बळ वीस माणसांइतकेही उरत नाही. युरोपीय व्यापारी जहाजांवरील खलाशांची गाणी याच न्यायाने घडली होती. शीड वर चढवताना झटक्या-झटक्याने ओढावे लागे, तेथील गाण्यात विवक्षित अक्षरावर जोर असे. नांगर उचलण्यासाठी रहाट फिरवताना सलग चालावे लागे, तेथील गाणे सलग वाहणारे असे. इंग्रजांच्या आरमारी जहाजांवर मात्र कामाच्या वेळी गाण्यास सामान्यतः मज्जाव होता आणि हे काम फिडल किंवा बासरीच्या सुरावर चाले. वाफेची जहाजे आली तशी ही गाणी कामावरून सुटली. आमच्याकडे यांत्रिक ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी घटली, रापणकारांना आपल्या हक्कासाठी चळवळ उभारावी लागली. आज ज्या वयोवृद्ध गाबीत, खारव्यांच्या गळ्यात ती आरोळी आहे, त्यांचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवील काय, ही चिंता मला मनापासून वाटते. नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका आपण जिवापाड जपल्या. या आरोळीचीही तेवढीच योग्यता आहे.

कामातून सुटलेले गाणे उत्सवात मात्र पाण्यावर टिकून राहिले आहे. गोव्यात दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर फळ्या टाकून जो तरंगता मंच करतात, त्याला सांगोड म्हणतात. बारदेशात कांदोळी परिसरात 29 जूनला, मच्छीमारांचे संत पेद्रू यांच्या सणाला, अशा सांगोडांवर गाणी-नाट्ये होतात. पावसाळ्यामुळे समुद्र बंद असतो, होड्या रिकाम्या असतात आणि नदी भरलेली असते. त्याच्या आधी पाचच दिवस, 24 जूनला, शिवोलीत सांजाव या सणाच्या निमित्ताने सजवलेल्या होड्या वाजतगाजत येतात. कुंभारजुव्यात गणेशविसर्जनाची मिरवणूक सांगोडांवरून पाण्यातून निघते. डिचोली तालुक्यात साखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांच्या लहान-मोठ्या नौका सोडतात आणि काठावर रात्री उशिरापर्यंत गाणे चालते. या सर्व ठिकाणी घुमटाचा नाद हवाच. मातीच्या घटाच्या तोंडावर कातडे चढवलेले हे वाद्य 2019 साली गोव्याचे वारसावाद्य म्हणून घोषित झाले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आल्यावर तो परिपाठ निषिद्ध ठरला आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. डिचोलीचे कुंभार यासाठी घट घडवतात.

पाण्यावरील गोमंतकीय गीतांत सर्वांत प्रसिद्ध कोणते, असे विचारले तर उत्तर एकच येईल: नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जाण्यासाठी नावाड्याची मनधरणी करणाऱ्या, त्याला अंगावरचा एकेक दागिना देऊ करणाऱ्या कलावंतिणीचे ते देखणी गीत. कार्लुस एउजेनियु फेरैर यांच्या नावावर असलेल्या या गीताची चाल 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटातून सर्व हिंदुस्थानभर गेली. मांडो हा गीतप्रकार संथ, विरहभारलेला. त्याच्या मागोमाग दुलपद येते तेव्हा लय उसळते. ही दोन्ही दर्यावर गोड लागतात. परंतु मांडो तिन्हीसांजेपूर्वी सुरू करू नये असे मला वाटते, कारण त्याला मावळता उजेड लागतो.

स्वतः गावयाचे किंवा वाजवावयाचे असेल, तर वाद्यांच्या बाबतीत समुद्र मोठा कठोर परीक्षक आहे. खारी दमट हवा लागली की तबल्याचे व घुमटाचे कातडे सैल पडते, पेटीच्या पितळी पट्ट्यांवर गंज चढून स्वर उतरतात, आणि तंबोऱ्याचा भोपळा तर होडीत न्यावाच कशाला? बांबूची बासरी, टाळ आणि मनुष्याचा गळा ही तीन साधने तेवढी दर्याला पुरून उरतात. तालाचा विचार करावयाचा तर वल्हवण्याचा आणि शिडाने जाण्याचा ताल एक नव्हे, हे ध्यानी घ्यावे. वल्हवताना ओढ आणि परतणे असे दोन भाग असतात. आपली कोळीगीते त्या झोकावर घडली आहेत. ‘वैशाख वणवा’ या 1964 सालच्या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले, दत्ता डावजेकरांनी स्वरबद्ध केलेले आणि मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेले नाखव्याला उद्देशून असलेले गीत, किंवा शांता शेळके यांनी लिहून हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली डोलकरांची गीते, ही हातात वल्हे असताना म्हणून पाहावीत. चाल कशी आपोआप दंडात उतरते ते कळेल. शीड उभारल्यावर मात्र हाताला ताल धरण्याचे काम उरत नाही. मग ताल धरते ती लाट. व्हेनिसच्या नावाड्यांच्या गीतांवरून युरोपात बार्करोल म्हणून जो रचनाप्रकार रूढ झाला, तो सहा मात्रांच्या झोक्यावर चालतो. आपला दादराही सहा मात्रांचाच. हिवाळ्यात वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटांवर म्हणूनच दादरा आणि ठुमरी शोभते. पावसाळ्यापूर्वी नैर्ऋत्येकडून, दूरच्या दक्षिण महासागरातून जे लांब उसासे येऊ लागतात, ज्यांच्या दोन माथ्यांमध्ये दहा-पंधरा सेकंदांचे अंतर असते, त्यांच्यावर विलंबित ख्याल ऐकावा. एकतालाचे एक आवर्तन पुरे होईतो होडी चार-पाच वेळा सावकाश वर चढून उतरते, आणि समेची वाट पाहण्यात जे सुख आहे त्याची खोली तेथे जाणवते.

या संदर्भात केसरबाई केरकरांचे नाव घेतल्याविना पुढे जाणे मला अशक्य आहे. त्यांचे गाव केरी, परंतु ते फोंडा तालुक्यातील; पेडण्याच्या केरीशी त्याची गल्लत करू नये. 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने सूर्यमालेच्या पलीकडे धाडली तेव्हा त्यांवर पृथ्वीची ओळख पटवणारी एक सुवर्णलेपित ध्वनिमुद्रिका ठेवली गेली. तिच्यात हिंदुस्थानी संगीताची एकमेव निशाणी म्हणून केसरबाईंची भैरवी आहे. त्याच मुद्रिकेत वाऱ्याचा, पावसाचा आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाजही मुद्रित आहे. ज्या विद्वानांनी ती निवड केली त्यांनी गाणे आणि समुद्र यांना एका तबकडीवर शेजारी बसवले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. केसरबाईंचा खुला, भरदार आकार असा आहे की, त्याला ध्वनिक्षेपकाच्या मोठेपणाची गरज लागत नाही. होडीवर लहानशा यंत्रावर हलक्या आवाजात लावला तरी तो वाऱ्याच्या स्वरात विरत नाही आणि वाऱ्याला झाकतही नाही.

नाट्यसंगीत तर आम्हां पेडणे-डिचोलीकरांच्या घराघरांतले. दि गोवा हिंदू असोसिएशनने 1964 साली रंगभूमीवर आणलेले वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ दर्याची वाट धरणाऱ्याने अवश्य बरोबर घ्यावे. कथाच मुळी नाव वल्हवणाऱ्या धीवरकन्येची. पराशराची आणि तिची गाठ नदीच्या पात्रात पडते. संगीत अभिषेकींचे आणि पराशराच्या भूमिकेत रामदास कामत. तेही जन्माने गोमंतकीयच. त्यांच्या गळ्यातली फिरत आणि शब्दांचा स्वच्छ उच्चार पाण्यावर विशेष खुलतो. दूर अंतरावर स्वर पोहोचतो पण व्यंजने मागे राहतात, म्हणून ज्याचे व्यंजन टणक त्याचेच काव्य शेजारच्या होडीपर्यंत जाते.

मला अप्रिय काय, तेही सांगतो. ज्या संगीतात खालच्या पट्टीचा यांत्रिक ठोका अखंड चालू असतो, ते शिडाच्या होडीवर नेऊ नये. त्याचा कंप तळाच्या फळ्यांतून पाण्यात उतरतो, आणि पाणी त्याला हवेहून साडेचारपट अधिक वेगाने दूर नेते. पाण्याखाली शांतता असते ही समजूत चुकीची आहे. केरीच्या खडकांजवळ होडी स्थिर असताना तळाला कान लावला, तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज ऐकू येतो. तो एका जातीच्या लहान कोळंबीचा, जी आपला नांगा झटक्याने मिटून पाण्यात पोकळ बुडबुडा उडवते आणि तो फुटतो. ढोमा, घोळ या कुळातील मासे पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायूंचा आघात करून ढोलासारखा आवाज काढतात. मलायाच्या किनाऱ्यावर पाण्यात डोके बुडवून या आवाजावरून मासळीचा थवा हेरणारे जाणते कोळी असत. डॉल्फिन शिट्या घालून एकमेकांशी संधान ठेवतात. हरमलच्या पुढ्यात ते हिवाळ्यात पुष्कळदा दिसतात, आणि दिसण्यापूर्वी त्यांचा श्वास सोडल्याचा जोरकस फूत्कार ऐकू येतो. त्यांच्या दरबारात जाताना आपण आपला आवाज आवरता घेणे हा साधा शिष्टाचार आहे.

कानांत बोंडे घालून सुकाणूवर बसण्याची नवी रीत तर धोक्याचीच. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी 1972 मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतील पाचवा नियम प्रत्येक नौकेने दृष्टीने आणि श्रवणाने सदैव पहारा ठेवावा असे सांगतो. श्रवणाचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे केलेला आहे. धुके किंवा दाट पाऊस असता शिडाच्या नौकेने दर दोन मिनिटांच्या आत एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व नाद करावेत, असाही दंडक आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील काही सकाळी नदीमुखाशी धुके उतरते, तेव्हा हा एक दीर्घ व दोन ऱ्हस्वांचा गण ज्याला पाठ आहे त्याचे भले होते.

संध्याकाळी परतताना दिव्यांच्याही आधी हरमल कानांना सापडते. खारा वारा पडत आला की वाळूवरील ढोलवर्तुळाचा आवाज समुद्रावर उतरू लागतो. आधी केवळ जड ठेका, मग त्यावरचे बारीक आघात आणि सर्वांत शेवटी माणसांचे गाणे. हा क्रम उलटा कधी येत नाही, कारण बारीक कंपने हवेत लवकर शोषली जातात आणि जड कंपने दूरवर टिकतात. अंतर किती उरले याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तेरेखोलच्या मुखातून आत जावयाचे असेल तर तेथे वाळूचे उथळ बांध सरकते असतात आणि सुकतीच्या वेळी त्यांवर लाट फुटते. अंधारात तो फुटण्याचा आवाज उजवीकडून येतो की डावीकडून, यावर वाट ठरते. म्हणून मुखापाशी येण्यापूर्वी गाणे, गप्पा, यंत्र सर्व बंद करावयाचे. नांगर सोडला की त्याच्या दोरावर किंवा साखळीवर तळहात ठेवून उभे राहावे. खडकावरून घसरणारा नांगर साखळीतून खडखड पाठवतो, वाळूत रुतलेला गप्प असतो. तो गप्प झाला, होडीने वाऱ्याकडे तोंड केले, आणि काठावरचे दोन दिवे एकाच रेषेत स्थिर दिसू लागले, म्हणजे मग कोणी बासरी काढावी, कोणी टाळ, आणि ज्याच्या गळ्यात ‘मत्स्यगंधा’तले पद असेल त्याने ते पहिले म्हणावे.